धोंड्याचं जेवण आणि दाजींचा लॅपटॉप

आमच्या घरात आजवर जावयाचा अपमान कधीही झालेला नाही. एकदा फक्त त्यांचा लॅपटॉप पुसला गेला. फडक्याने नव्हे, आतून!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही सुरतेत गोडादऱ्याला राहायचो. एक खोली, मागे स्वयंपाकघर, पुढे बसायला ओटला. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडून सुरतेला आले ते लूम चालवायला, आणि तेव्हापासून लूमच चालवत होते. मी कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसलो होतो. कोर्समध्ये आम्हाला कॉम्प्युटर कमी आणि कॉम्प्युटरची चित्रं जास्त दाखवली गेली होती (एकच चालू मशीन, आणि तेही कायम सरांच्या पुतण्याच्या ताब्यात!). पण गल्लीत माझा दबदबा होता. कुणाचा मिक्सर बंद पडला तरी लोक माझ्याकडे घेऊन येत. मी तो उलटा करून बघे, गंभीरपणे मान हलवी आणि परत देई.

थोरली बहीण सुमनताई सुरतेतच दिलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मार्केटमध्ये साड्यांच्या एका दुकानात कामाला होते. त्यांच्या शेठला नव्याची फार हौस. त्याने कुठून तरी एक जुना लॅपटॉप पैदा केला, साड्यांची सगळी डिझाइनं त्यात भरून घेतली आणि जाहीर केलं, की यापुढे दुकानात गठ्ठे ठेवायचे नाहीत, बाहेरगावच्या व्यापाऱ्यापुढे सोडायचे नाहीत, ऑर्डर आली की मगच माल छापायचा. पडद्यावर दाखवायचं! कल्पना चांगली होती. अडचण एवढीच, की लॅपटॉप सुरू व्हायचा तोवर व्यापाऱ्याचा चहा होई, पान होई, घरच्यांची विचारपूस होई, आणि पहिली साडी पडद्यावर उतरायला लागली की त्याची गाडीची वेळ होई.

त्या वर्षी उन्हाळ्यात अधिक महिना आला. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून पाय धुवायचे, ओवाळायचं, अनारशांचं ताट द्यायचं आणि तो हात जोडेपर्यंत वाढत राहायचं. दाजी आणि ताई सकाळीच आले. दाजींच्या खांद्याला काळी बॅग होती. पाय धुवून घेता घेताच त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"दिलीप, उद्या सकाळी इंदूरचा मोठा व्यापारी येणार आहे. हे यंत्र संध्याकाळपर्यंत तुरतुर चाललं पाहिजे. शेठ खूश झाले तर कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून तुलाच बसवतील. मी शब्द टाकलेला आहे."

(दाजी एरवी घरात आमच्यासारखीच अहिराणी बोलत. पण सासुरवाडीला आले की शुद्ध मराठीत शिरत. जावयाच्या तोंडी अहिराणी शोभत नाही असं त्यांचं मत होतं.)

"आणि हे बघ," ते म्हणाले, "डिझाइनं फक्त यातच आहेत. जपून."

"दाजी, तुम्ही निवांत जेवा," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेलं हे शेवटचं शहाणपणाचं वाक्य.

माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी. तिच्यावर पेंग्विनचं चित्र होतं, आणि आत लिनक्स नावाची नवी सिस्टीम होती. मासिकात लिहिलं होतं, ही सगळ्या जगाने मिळून बनवली आहे, कुणीही घ्यावी, कुणीही टाकावी, आणि जुन्या मशीनवर ती वाऱ्यासारखी पळते. मी तो लेख इतक्या वेळा वाचला होता की पान सुटं झालं होतं. बेत साधा होता. अर्ध्या डिस्कवर जुनी सिस्टीम आणि डिझाइनं तशीच राहतील, उरलेल्या अर्ध्या भागात लिनक्स बसेल. (पेंग्विनवाल्या भागातून साड्या कशा दाखवायच्या, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मोठी कामं करताना माणूस बारीकसारीक गोष्टींत अडकत नाही!)

मायने खापरावर मांडे केले होते. सोबत आमरस, वर पुरणाचे धोंडे, वर तूप. दाजींनी सुरुवात जोरात केली, मधे वेग थोडा कमी झाला, आणि शेवटी ते ताटाकडे न बघता जेवू लागले. हात धुतले आणि खोलीतल्या एकुलत्या एका पंख्याखाली, खाटेवर आडवे झाले. दोनच मिनिटांत घोरायला लागले.

मी पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवला, सीडी घातली. पडदा निळा झाला. मायने डोकावून सीडीच्या पाकिटावरचं चित्र पाहिलं.

"हाई काय शे? बदक?"

"पेंग्विन शे माय. बर्फामा ऱ्हास."

"मंग आठे सुरतमा कसाले उनं बिचारं?" माय हळहळली. बर्फावरून तिला आठवण झाली. "अरे, घरमा बरफ नही शे! जवाईबापू उठतीन ते त्यास्ले थंडा रस लागी. जाय, पयले बरफ लई ये."

"माय, काम चालू आहे. हे सोडून कसं जाऊ?"

"जवाईबापूले कोमट रस देऊ का मंग?" मायने असा आवाज काढला, की पुढे बोलायची सोयच राहिली नाही.

आबा दारात बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "तू जाय. मी शे ना आठे. मशीनकडे ध्यान देवानं काम माले नवं शे का?"

मलाही ते पटलं. (इथे वाचकांनी मला हवं ते म्हणावं.) मी आबांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि सांगितलं, "आबा, हे आपोआप चालतं. मधेच थांबून काही विचारलं, तर हे मोठं बटण आहे ना, एंटर, ते दाबा. दुसरं काही करू नका."

आता लूमवर काम करणाऱ्या माणसाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्यासमोर ओळीने लूम खडखडत असतात. कुठे धागा तुटला की तो लूम थांबतो. थांबला की धावत जायचं, गाठ मारायची, चालू करायचा. तोवर पलीकडचा थांबतो. दिवसभर हेच. उभं मशीन म्हणजे वाया गेलेलं कापड, आणि वाया गेलेलं कापड म्हणजे मुकादमाच्या शिव्या. आबांचा तर असा हात बसला होता, की घरातला पंखा लाईट जाऊन थांबला तरी ते ताडकन उभे राहत आणि मग बसत. उभं मशीन त्यांना बघवत नसे. अशा माणसाला मी लिनक्सच्या समोर बसवून बर्फ आणायला गेलो.

बर्फवाल्याकडे गर्दी होती. अख्ख्या गोडादऱ्यात त्या दिवशी जावईच आले असावेत! लादी फुटेस्तोवर, फडक्यात बांधून पळत येईस्तोवर बराच वेळ गेला. घरात शिरलो तर आबा मांडी घालून बसलेले, चेहरा समाधानाने फुललेला. पडद्यावर पांढऱ्या ओळी सरासर वर चालल्या होत्या.

"देख! कसं पळी ऱ्हायनं!"

"आबा, काही विचारलं का यानं?"

"इचारं ना! उभं ऱ्हायनं. मी तुन्हं ते बटन दाबं. ते परत तेच इचारे. आखो दाबं, आखो तेच! मंग मी देखं, दोन डब्बा व्हतात. एक उजेडमा, एक अंधारामा. मी बाजूनं बटन दाबीसन उजेड दुसरा डब्बावर लई गऊ आनि मंग ते मोठं बटन दाबं. तवयपास्नं एकदाबी थांबनं नही!"

माझ्या हातातून बर्फ सुटला. त्या निळ्या पडद्यावर काय विचारलं जातं ते मला लेखात वाचून पाठ होतं. संपूर्ण डिस्क पुसून टाकायची का? उजेडात असलेला डबा होता 'नाही'. आबांनी दोनदा 'नाही' म्हणून पाहिलं होतं. 'नाही'वर मशीन उभं राहतं म्हटल्यावर त्यांनी 'हो' शोधून काढला होता. गाठ एका बाजूने बसेना, तर दुसऱ्या बाजूने मारली होती!

"काय व्हयनं रे?" आबांनी विचारलं. "चालू शे ना?"

"चालू आहे आबा," मी म्हणालो. "छान चालू आहे."

बर्फ पडल्याच्या आवाजाने खाट करकरली. दाजी उठून बसले.

"झालं का दिलीप? बघू."

मी मायकडे पाहिलं. माय आईच होती. तिला लॅपटॉपमधलं ओ की ठो कळत नसलं, तरी माझं तोंड कळत होतं. ती रसाचं पातेलं घेऊन पुढे झाली.

"जवाईबापू, पयले रस ल्या."

"आत्या, आत्ताच तर जेवलो."

"ते जेवन व्हतं. हाऊ रस शे."

दाजींनी वाटी घेतली. ती संपली तशी मायने आणखी ओतला. धोंड्याच्या महिन्यात सासूला 'नको' म्हणायची जावयाला सोय नसते. दोन वाट्यांनंतर ते उठायला लागले, तर मायने अनारशांचं ताट पुढे केलं. अनारसा तोंडात असताना त्यांनी माझ्याकडे हाताने खूण केली, 'आण'. मी 'आणतो' अशी खूण केली आणि जागचा हललो नाही. मग मायने आदल्या दिवशीची शेव काढली. मग उरलेला मांडा. दाजींच्या कपाळावर घाम आला. ते आधी खाटेला आणि मग भिंतीला टेकले.

"आत्या, आता पोटात इंचभरही जागा नाही हो!"

"ल्या ना, थोडासाच शे," माय म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने परत वाढलं.

पण जावयाच्या पोटालाही मर्यादा असते. (ती कुठे असते ते आम्हाला त्या दिवशी कळलं.) दाजी भिंतीला धरून उठले आणि येऊन लॅपटॉपसमोर बसले. तोवर लिनक्स बसलं होतं. अगदी व्यवस्थित, कोणतीही तक्रार न करता. काळ्याभोर पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारत होतं. मी नाव टाकलं, आबांनी मधे काय पासवर्ड दिला होता ते विचारून टाकलं (त्यांनी तिथे मोठ्या बटणाशिवाय काहीच दाबलं नव्हतं, आणि लिनक्सने तेही चालवून घेतलं!). पुढच्या ओळीत एक चौकोन लुकलुकू लागला.

"वा! लगेच चालू झालं," दाजी म्हणाले. "आता डिझाइनं काढ."

मी एक कमांड टाकली. चौकोन खालच्या ओळीत जाऊन लुकलुकला. दुसरी टाकली. तो आणखी खाली गेला.

"साड्या कुठे आहेत?"

"दाजी... मशीन एकदम मोकळं झालंय. त्यामुळेच तर पळतंय."

दाजींनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सासुरवाडीची सगळी शुद्धता एका झटक्यात गळून पडली.

"मन्या डिझायनी कोठे गयात रे भो?!"

मी बोलणार, एवढ्यात आबा पुढे आले. छाती काढून म्हणाले, "जवाईबापू, पोऱ्यानी काही चुकी नही. मशीन उभं व्हतं. मी चालू करं."

आता दाजींची खरी पंचाईत झाली! मेहुण्याला धोपटता आलं असतं. पण धोंड्याच्या महिन्यात, कपाळावर सासूने लावलेलं कुंकू असताना, पोटात तिचे मांडे असताना, सासऱ्याला काय बोलणार?

"नाही नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "छान... छान चालू केलंत मामा."

"मी म्हनं नव्हतं?" आबा माझ्याकडे वळून खुशीत म्हणाले.

दाजी खाटेवर जाऊन बसले आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. उद्या सकाळी व्यापारी येणार, शेठ मोठ्या तोऱ्यात लॅपटॉप उघडणार, आणि आत एक लुकलुकणारा चौकोन. दाजींची नोकरी जाणार हे नक्की होतं. मला मनापासून वाईट वाटलं. माझी तर मिळण्याआधीच गेली होती, पण त्यांची चांगली चालू होती! मायच्या डोळ्याला पदर लागला.

तो पदर ताईने बघितला. मघापासून ती भांडी घासत होती. हात पुसत बाहेर आली.

"कसली डिझाइनं गेली म्हणता?" ती दाजींना म्हणाली. "ही मायच्या अंगावर काय आहे मग? आणि माझ्या?"

दाजींनी डोकं वर केलं.

"दर डिझाइनची पहिली साडी छापून आली, की बघून झाल्यावर तुम्ही घरी आणता. निम्म्या मी ठेवल्या, निम्म्या इकडे दिल्या. डिझाइनं त्या डब्यात कशाला शोधताय? पेट्या उघडा!"

पुढचा तासभर आमच्या घरावर धाड पडल्यासारखं झालं. मायच्या पेटीतून काही निघाल्या. एक खिडकीला पडदा म्हणून लटकत होती. एक गादीवर चादर झाली होती. एक आबांनी कमरेला गुंडाळून अंघोळीला न्यायची म्हणून खुंटीला टांगली होती. एक मायने शेजारच्या कंचनबेनला दिवाळीला दिली होती. मी त्यांच्या दारात गेलो तर त्या तीच नेसून तांदूळ निवडत बसलेल्या.

"कंचनबेन, साडी परत पाहिजे."

"आपेली साडी पाछी? शुं थयुं तमने?" दिलेली साडी कुणी परत मागतं का, असा त्यांचा चेहरा झाला.

"दाजींची नोकरी जातेय."

त्या मुकाट्याने आत गेल्या, दुसरी नेसून आल्या आणि ती घडी करून माझ्या हातात दिली. वर एक लोणच्याची बरणीही दिली. (नोकरी जाणाऱ्या घरात ती लागेल, असं त्यांना वाटलं असावं.) ताई घरी जाऊन तिच्याकडच्या घेऊन आली. माय आणि ताईने अंगावरच्याही बदलून गठ्ठ्यात टाकल्या. एकही डिझाइन कमी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी दुकानात शिरले. मागोमाग डोक्यावर गठ्ठा घेऊन मी. गादीवर इंदूरचा व्यापारी बसलेला, शेठ त्याच्या शेजारी.

"कॉम्प्युटर क्यां छे?" शेठने विचारलं.

"शेठ, आज अस्सल माल दाखवतो," दाजी म्हणाले.

गठ्ठा सुटला. शेठने पहिली साडी बघितली आणि त्याचा रंग उडाला. साडी नेसून नेसून मऊ झालेली, इस्त्री नाही, काठाला हळदीचा डाग. "आ शुं लाव्यो?" तो दातओठ खात पुटपुटला.

व्यापाऱ्याने मात्र साडी ओढून घेतली. पदर मुठीत चुरगळला, सोडला. उजेडात धरली.

"यह धुली हुई है?"

"हां जी," दाजी मेल्या आवाजात म्हणाले. "घर में... पहनते हैं."

"कितनी बार धुली?"

आता हे दाजींना काय ठाऊक! मीच म्हणालो, "बहुत बार. मेरी माँ पत्थर पे धोती है." सगळं संपलंच आहे म्हटल्यावर खरं बोलायला काय हरकत!

"और रंग नहीं गया?" तो उठून उभा राहिला. "यह वाली?"

"ती पडदा होती. म्हणजे, परदा था. धूप में," मी म्हणालो.

"धूप में भी नहीं गया!" व्यापाऱ्याने एकेक साडी घेतली, नखाने खरवडली, थुंकी लावून घासली, आणि मग गादीवर बसून, त्या दुकानाने कधी पाहिली नव्हती एवढी मोठी ऑर्डर दिली. जाताना शेठच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सेठ, पिछली बार वो डिब्बे में क्या दिखा रहे थे? माल ऐसे दिखाते हैं!"

शेठचा चेहरा उजळला. दाजींची पाठ थोपटली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. हीच ती घडी!

"आ तमारो साळो? पेलो कॉम्प्युटरवाळो?" शेठ म्हणाला. "भाई, हवे तो कॉम्प्युटर ज बंध. आम ज माल बताववानो."

आता कॉम्प्युटरच बंद, माल असाच दाखवायचा म्हटल्यावर लॅपटॉप त्याने मलाच देऊन टाकला. कॉम्प्युटरमुळे नोकऱ्या गेलेली माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली. पण लिनक्स टाकून खुद्द कॉम्प्युटरचीच नोकरी घालवणारा आणि तिच्याबरोबर आपलीही, असा सुरतेत मी एकटाच असेन.

अर्थात शेठ माणूस दिलदार होता. आमच्या घराला त्याने वाऱ्यावर सोडलं नाही. दर नव्या डिझाइनची साडी तो आमच्याकडे पाठवू लागला. ताई आणि कंचनबेन ती नेसत, माय ती दगडावर धुई, आणि घरातला एकमेव कॉम्प्युटर शिकलेला माणूस, म्हणजे मी, ती दोरीवर वाळत घाली.